दोन धारांमधली पाहुणी

“कोण गेलं?”

फाटकाशी आलेल्या वन्संनी आम्हाला विचारलेला हा पहिला प्रश्न. त्यात त्यांची काही चूक नव्हती. आमची गाडी म्हणजे मोडीत निघालेली रुग्णवाहिका. आमच्या ह्यांनी तीस वर्षं तसल्याच गाड्या चालवल्या आणि निवृत्त झाल्यावर त्यातलीच एक घेऊन, दोन वर्षं खपून तिचं फिरतं घर केलं. आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, खिडक्यांना पडदे. बाहेरून दोनदा पांढरा रंग दिला, तरी जुनी लाल पट्टी खालून डोकावतेच. त्यामुळे आम्ही कुणाच्याही दारात थांबलो की आधी शेजारी धावत येतात.

“कुणी नाही गेलं, ताई. आम्हीच आलोय,” हे म्हणाले.

“मग टपावर तो दिवा कशाला?”

“काढवला नाही गं. शोभतो की.”

“शोभतो म्हणे,” म्हणत वन्संनी फाटक उघडलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “या, वहिनी.”

ह्यांच्या या थोरल्या बहिणीच्या आवारात मी सत्तावीस वर्षांनी पाऊल ठेवत होते.

त्याआधीचे आठ दिवस आम्ही शेतांच्या मधून चाललो होतो. दोन्हीकडे गाडीच्या खिडकीपर्यंत आलेला मका. ट्रॅक्टरवाले आमची गाडी पाहून घाईघाईने बाजूला होत आणि आत पडद्यामागे मी भाजी निवडताना दिसले की शिव्या देत. ह्यांच्या चुलतभावाकडे दोन दिवस राहिलो, माझ्या मामांकडे तीन दिवस. राहिलो म्हणजे त्यांच्या अंगणात, आमच्याच गाडीत. मामी त्यावरून फुगल्या. “आमच्या घरात काय ढेकूण झालेत?” म्हणाल्या. ह्यांचं उत्तर ठरलेलं होतं, “मामी, घर बरोबर आणलंय, ते ओस कशाला पाडायचं?”

पण हे सगळं वाटेवरचं. खरं यायचं होतं ते इथेच. “ताई माझ्या घरी कधी आली नाही. आता मीच घर तिच्या दारात नेतो,” असं म्हणत ह्यांनी गाडीचा एकेक खिळा ठोकला होता.

मला मात्र यायचं नव्हतं. सत्तावीस वर्षांपूर्वी, सातव्या महिन्यात, माझं बाळ पोटातच गेलं. मुलगी होती. मी पाच दिवस दवाखान्यात होते. नात्यातलं झाडून सगळं माणूस येऊन गेलं, ज्यांची मला ओळखही नव्हती तेसुद्धा. वन्सं तेवढ्या आल्या नाहीत. “अगं, अकरा गाई आहेत तिच्याकडे,” हे म्हणाले, आणि ते ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पुढे हे वर्षातून एकदा एकटेच बहिणीला भेटून यायचे. मी या रस्त्याचं नाव घेतलं नाही. या खेपेला निघताना ह्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं, “तिला ते काही विचारायचं नाही.” मी हो म्हटलं, आणि विचारायचंच असं ठरवून गाडीत बसले.

पण विचारणार कधी? वन्सं एका जागी उभ्या राहतील तर ना. पहाटे पाचला धारा, मग शेण, मग वैरण, दुधाची गाडी, भांडी, संध्याकाळी पाचला पुन्हा धारा. यजमान जाऊन तीस वर्षं झाली, तेव्हापासून एकहाती सगळं. मधे धारा काढायचं यंत्र आलं, पण त्याने फक्त बोटं वाचली, वेळ नाही वाचला. “गाईला रविवार नसतो,” हे त्या इतक्या साध्या सुरात म्हणाल्या की मला त्याचाही राग आला.

पहिल्या दिवशी जेवताना ह्यांनी रीतसर आमंत्रण दिलं. “ताई, उद्या तीन वाजता आमच्याकडे चहाला ये.”

गोठ्यापासून आमची गाडी चाळीस पावलांवर उभी होती. तरी दुसऱ्या दिवशी वन्सं आल्या त्या न्हाऊन, ठेवणीतले कपडे घालून, हातात लोण्याचा डबा घेऊन. दार उघडंच होतं. त्यांनी ते वाजवलं, आत या म्हटल्यावर चपला पायरीखाली नीट जोडीने काढल्या, आणि मगच वर चढल्या.

“रिकाम्या हाताने कसं यायचं,” म्हणून डबा माझ्या हातात दिला.

हे तर लग्नघरातल्या मुलासारखे नाचत होते. “हा पलंग. उचलला की खाली कपाट. हा नळ, बघ, पाणी येतं. ही शेगडी.”

“आणि पाहुणे आले की?”

“आलेत की. बस.”

त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. मी चहा टाकला. पाठमोरी होते, आणि आता विचारूनच टाकावं म्हणून शब्द जुळवत होते. तेवढ्यात मागून आवाज आला.

“ही तुमच्याकडे आहे होय?”

मी वळले. त्या शेगडीवरच्या फळीकडे बघत होत्या. तिथे माझी कपड्यांचे चिमटे ठेवायची किटली होती. ॲल्युमिनियमची, दोन शेरांची, झाकणाला साखळीऐवजी तार.

“ही ना? फार जुनी आहे. कुणीतरी आमच्या पायरीवर विसरून गेलं होतं. दूधवाल्याला विचारलं तर तो म्हणाला माझी नाही. झाकण घट्ट बसतं म्हणून ठेवली.”

“विसरली नव्हती. ठेवली होती,” वन्सं म्हणाल्या. “ही तार आमच्या ह्यांनी वळलेली आहे.”

चहा उतू गेला. ह्यांनी उठून शेगडी बंद केली.

“तू आली होतीस?” ह्यांनी विचारलं.

“डेअरीत फोन आला होता ना, वहिनी दवाखान्यात आहेत, बाळ गेलं म्हणून. दवाखाना कुठला ते कुणी सांगितलं नव्हतं. घरचा पत्ता होता. सकाळच्या धारा काढल्या आणि सातची बस धरली. साडेअकराला पोचले तर तुमच्या दाराला कुलूप. शेजारीही कुणी दिसेना. परतीची बस साडेबाराला, ती चुकली तर संध्याकाळच्या धारा राहणार. पाऊण तास बसले पायरीवर. मग किटली ठेवली आणि निघाले.”

“अगं, पण मग सांगायचं नाही का? सत्तावीस वर्षं?”

“काय सांगायचं? भेट झाली नाही. ते काय येणं म्हणायचं?” मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “आणि वहिनी रागावल्या होत्या. रागावलेल्या माणसाला काही सांगायला गेलं की सबब वाटते.”

मी पाचव्या दिवशी रिकाम्या ओटीने घरी आले तेव्हा ती किटली पायरीवर होती. झाकण उघडल्यावर आंबूस भपकारा आला, आणि मी ज्याने कुणी ती ठेवली त्याला शिव्या घालत दूध मोरीत ओतलं होतं.

“मी ते ओतून दिलं, वन्सं,” मी म्हटलं. मला रडू आलं.

“मग काय करणार? नासणारच ते,” त्या म्हणाल्या. “बाळंतिणीला दूध लागतं म्हणून भरून घेतलं होतं. बाळ नसलं तरी बाळंतीण असतेच की.”

आजवर मला बाळंतीण असं कुणीही म्हटलं नव्हतं. दवाखान्यातही नाही.

थोडा उरलेला चहा आम्ही तिघांनी वाटून घेतला. वन्संनी दोनदा घड्याळ बघितलं. पावणेपाचला उठल्या, “छान आहे घर,” म्हणाल्या आणि चपला घालून गोठ्याकडे चालू लागल्या. मी चिमटे पलंगावर ओतले, किटली विसळली आणि त्यांच्यामागे गेले. मला धार काढता येत नाही. मी नुसती गाईंच्या पायापाशी बादल्या सरकवत राहिले, आणि वन्सं “ही नको, ती पलीकडची” असं सांगत राहिल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो तेव्हा त्यांनी किटली भरून माझ्या मांडीवर दिली. वाटेवरचे बाकीचे नातेवाईक आम्ही निघताना गाडी वळणाआड जाईपर्यंत हात हलवत उभे राहिले होते. वन्संनी फाटक लावलं आणि पाठ फिरवली. आत गाई हंबरत होत्या.

“हळू चालवा,” मी ह्यांना म्हटलं.

“मला सांगतेस?” हे म्हणाले. हाडं मोडलेली माणसं ज्यांनी खड्ड्यांतून न विव्हळू देता नेली, ते हे. बैलगाडीच्या चालीने त्यांनी तो खडबडीत रस्ता पार केला. एक थेंब सांडला नाही.

डांबरी रस्ता लागताच मी त्यांना मक्याच्या कडेला गाडी थांबवायला लावली. दूध तापवलं. दोन शेर दूध दोघांना जास्तच होतं. “अगं, ठेव थोडं दुपारला,” हे म्हणाले.

“नाही,” मी म्हटलं आणि त्यांचा पेला पुन्हा भरला.

किटली रिकामी होईपर्यंत आम्ही तिथून हललो नाही.