दोन वर्षं मुरलेली बाटली

माझ्या थरातून वीज गळाली नाही. सरांनी पाठ थोपटली, विभागाच्या फलकावर आलेख लागला. आता हे घडलंच नाही असं समजून पुढे वाचा. मीही तीन आठवडे तसंच समजतोय.

आमचं काम म्हणजे वाकवले तरी चालतील असे ट्रान्झिस्टर प्लास्टिकच्या पट्टीवर बनवणं. त्यात वीज अडवणारा पॉलिमरचा पातळ थर लागतो. द्रावणाचा थेंब पट्टीवर टाकायचा, पट्टी गरगर फिरवायची, मग भाजायची. थराला एक भोक राहिलं की वीज चोरवाटेने पळते आणि तिच्या मागोमाग आपली डॉक्टरेट.

माझ्या सगळ्याच पट्ट्या गळक्या. बाबा प्लंबर, त्यांनी फोनवर धीर दिला, आणि गळती थांबली तरी रात्रभर बादली ठेवल्याशिवाय गावभर सांगू नकोस, असंही बजावलं.

एका सकाळी ताजं द्रावण करायचा कंटाळा आला. कपाटाच्या तळाशी लॅबमधल्या ताईची बाटली होती. ती डिग्री घेऊन गेली त्याला दोन वर्षं झाली. तेच द्रावण वापरलं. वहीत लिहिलं, 'द्रावण आज सकाळी तयार केले.' पुरावा नको म्हणून उरलेलं टाकून दिलं आणि बाटली लख्ख घासली. न सांगता घासलेलं हे माझ्या आयुष्यातलं पहिलंच भांडं. संध्याकाळी मोजलं, तर गळती जवळजवळ शून्य.

त्यानंतर ताज्या द्रावणाच्या एकवीस पट्ट्या केल्या. एकवीसच्या एकवीस चाळण्या. शेवटी ताईला फोन केला.

"कृती तीच आहे रे," ती म्हणाली. "माझं फक्त पडून होतं. मुरलं असेल. थोडं उरलंय ना?"

मी म्हटलं, बाटली एकदम स्वच्छ आहे.

ती म्हणाली, "सरांना सांग. आजच."

सोमवारी तज्ज्ञ येणार आहेत. त्यांच्यासमोर मी तोच थर करून दाखवायचा; शिष्यवृत्ती त्यावरच पुढे चालणार. सरांच्या दारापर्यंत दोनदा गेलो. दोन्ही वेळा ते फोनवर कुणाला तरी माझ्या प्रामाणिक नोंदवहीबद्दल सांगत होते. म्हणून परत आलो आणि अर्ज लिहिला:

मा. विभागप्रमुख,
द्रावण आज सकाळी तयार केले आहे, या वेळी खरोखर. तरी ते मुरण्यासाठी दोन वर्षांची मुदत मागील तारखेपासून, सोमवारच्या आत मंजूर व्हावी, ही नम्र विनंती.