मले, मीले आणि माझी किरकिर

मी फॅन बोलतोय, आणि तोही दोन्ही अर्थांनी. अकोल्यातल्या एका घराच्या हॉलमध्ये छताला टांगलेला पंखा, आणि समोरच्या टीव्हीचा निस्सीम चाहता. गरगर फिरत पाहतो, त्यामुळे माझी मतंही जरा गरगरलेली असतात. तेवढं सांभाळून घ्या.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. आठवतं ते अमरावतीचं दुकान. गोदावरीबाईंच्या वडिलांनी लेकीच्या आंदणात द्यायला मला तिथून घेतलं. त्यांचे जावई कमलाकांत गुरुजी अकोल्याच्या शाळेत मराठी शिकवायचे. वर्गात कुणी वऱ्हाडीत 'मले' म्हटलं की छडी उगारून 'मला' वदवून घ्यायचे. घरातही त्यांच्या तोंडून चुकून कधी 'ले' निघाला नाही.

तरुणपणी माझा वारा भरपूर आणि आवाज शून्य होता. आता उलट झालंय. बेअरिंग किरकिरतं, आणि तेही नेमकं टीव्हीवर कुणी विनोद करायला तोंड उघडलं की. त्यामुळे हल्ली प्रत्येक विनोद मला निम्माच ऐकू येतो. तरी माझी मतं ठाम आहेत. फॅन लोकांचं असंच असतं.

विनोदी कार्यक्रमांत पडद्यावरचीच माणसं एवढी हसतात की घरच्यांना काही कामच उरत नाही. पुरुषाला साडी नेसवली की झाला विनोद. आणि वऱ्हाडी बोलणारा कुणी आला, की तो वॉचमन तरी असतो नाहीतर बावळट तरी. विज्ञानमालिकांचं तर विचारूच नका. एवढं अवाढव्य यान, पण छताला साधा एक पंखा नाही! परवा एका ग्रहावर तीन सूर्य निघाले, तर सगळे काय घाबरले! आमच्या अकोल्यात मे महिन्यात एकटा सूर्य तेवढं काम करतो. मला यंत्रमानव मात्र मनापासून आवडतात. बिचाऱ्यांना माणूस व्हायचं असतं. मला निदान कूलर तरी व्हायचं होतं.

गुरुजींची लेक जुईली अमरावतीच्या कॉलेजात असताना नाटकांत गाजलेली. यंदा तिला एका नव्या मालिकेसाठी विचारणा झाली. मालिका अंतराळयानातली आणि विनोदी, म्हणजे माझ्या दोन्ही आवडी एकाच ताटात. भूमिका वऱ्हाडी बोलणाऱ्या रोबोटची. मोबाइलवर एक प्रसंग करून पाठवायचा होता. मागे आवाज नको, संवादात बदल नको, अशी ताकीद होती. इकडे गुरुजींचीही ताकीद होती की ही संधी शेवटची, नाही जमलं तर मुकाट्यानं बी.एड. करायचं.

भर दुपारी माझं बटण बंद झालं. जुईली यंत्रासारखी मान वळवत म्हणाली, "मीले खूप गरम होऊन राहिले आहे, बाप्पा!"

खुर्चीत घाम पुसत बसलेले गुरुजी ताडकन उठले. "मीले? असं कोणी बोलते का जगात? मले! मले लय गरम होऊन राह्यलं!"

स्वयंपाकघरातून गोदावरीबाई धावत आल्या. "अव बाई! याच्याचपायी पोराइले छड्या मारल्या ना तुमी?"

गुरुजी ओशाळले. "चूक ती चूक. भाषा कोणती का असेना."

"पण बाबा, त्यांनी तसंच लिहिलंय. बदललं आणि त्यांनी काढून टाकलं तर?"

"तर नाही म्हणतील. पण आपल्याच बोलीत आपण चुकायचं?"

जुईलीनं मोबाइल पुन्हा लावला. तेवढ्यात गोदावरीबाईंनी माझं बटण दाबलं. "रोबोट पोरगी हाये, तुमी नाई. चक्कर येईन अशानं." झालं! मी फिरलो, किरकिरलो, आणि तिचं सगळं बोलणं माझ्या किरकिरीसकट रेकॉर्ड झालं. पुन्हा करायला कुणाच्यात त्राण नव्हतं, म्हणून तेच पाठवलं. एकीकडे बदललेला शब्द, दुसरीकडे मी. पोरीचं नशीब आपण बुडवलं या विचारानं मला इतकी लाज वाटली, की मी दोन नंबरवर असून एकवर फिरलो.

आठवड्यानं फोन आला. निवड झाली होती! 'मले' तसंच राहणार होतं. शिवाय त्यांनी विचारलं, "मान वळवताना रोबोटच्या सांध्यांचा तो आवाज कसा काढलात? फारच अस्सल वाटला." तेव्हापासून मी स्वतःला कलावंत समजतो.

पहिला भाग लागला त्या संध्याकाळी सगळे टीव्हीसमोर होते. जुईली मुंबईला होती. तिचा प्रसंग आला आणि मी सवयीनं किरकिरलो.

"त्या फॅनले बंद करा!" गुरुजी ओरडले. होय, 'फॅनले'!

मी थांबलो. पडद्यावर जुईलीनं तोंडानं माझीच किर्रकिर्र काढत मान वळवली. "मले लय गरम होऊन राह्यलं, बाप्पा!"

कित्येक वर्षांत पहिल्यांदा मी एक विनोद अख्खा ऐकला. गोदावरीबाई हसता हसता पदरानं डोळे पुसत होत्या. गुरुजी घामानं निथळत होते, पण बटणाकडे कुणाचाच हात जाईना. "बरोबर बोलली," ते पुटपुटले. "माही पोरगी बरोबर बोलली."

आता घरात बिनआवाजाचा पंखा आणायचं घाटतंय. जरूर आणा. मला कुठेही टांगा, फक्त तिथून टीव्ही दिसू द्या. आणि कृपा करून माझ्या बेअरिंगला तेल घालू नका. पोरगी घरी आली की तिला सराव करायला माझी किरकिर लागेल.