कुंडलिकचं कुलूप

कुंडलिकचा मला राग येई आणि त्याला कारण लागत नसे. तो करकंबचा, शेतकऱ्याचा मुलगा. एम.एस्सी.च्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा. बिराजदार सरांना कुणाला काही विचारायचं झालं की पहिल्या बाकावरच्या मला ओलांडून त्यांची नजर थेट मागे जायची. "कुंडलिक, तुला काय वाटतं?" जणू मला कधी काही वाटतच नव्हतं.

त्या वर्षी जळायला आणखी निमित्त मिळालं. उन्हाळ्यात मुंबईच्या एका संशोधन संस्थेत गणिताचं शिबिर होतं आणि आमच्या कॉलेजातून एकच नाव जायचं होतं. शिबिरात चमकलं की पुढे तिथेच संशोधनाला घेत. मला ते हवंच होतं. परीक्षा संपली की बाबा माझ्यासाठी स्थळं बघणार होते. बार्शीचा एक मुलगा कुणी सुचवलाही होता. "प्रभा, मुंबईला निवड झाली तर थांबतो," एवढं मी त्यांच्याकडून कसंबसं वदवून घेतलं होतं.

सर म्हणाले, "दोघांचे सेमिनार ऐकतो, मग ठरवतो." कुंडलिकचं नाव ठरलेलंच होतं, हे वर्गातल्या पंख्यालाही ठाऊक होतं.

विषय गुप्तलेखनाचा. मी आधी बोलले. मूळ संख्यांवरची प्रमेयं सिद्धतेसकट मांडली, फळा पुन्हा पुन्हा भरला. मुलं जांभया देत होती.

मग कुंडलिक उठला. खडू घेतलाच नाही. खिशातून मोठा रुमाल काढला, सरांच्या हातावर टाकला आणि आत त्यांची बोटं धरली. "आमच्याकडं बैलाचा सौदा असा बोटं दाबून करत्यात. भोवती ही गर्दी, पन आकडा कुनाला कळत न्हाय. अडचन एकच. दोगं एका जागी पायजेत. एक दुधनीत आन दुसरा बार्शीत असला, तर रुमाल कुटं टाकायचा?"

वर्ग सरसावून बसला. मग त्याने अमेरिकेतल्या तिघांनी नुकतीच काढलेली रीत सांगितली. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार सगळ्यांना सांगून टाकायचा, ते कुलूप. त्या दोन संख्या मात्र कुणाला सांगायच्या नाहीत, ती किल्ली. कुलूप कुणीही लावावं, उघडणार फक्त किल्लीवाला.

माझा नुसता जळफळाट होत होता. रुमाल मला का नाही सुचला? आमच्या घरी बैल नव्हते म्हणून?

शेवटी त्याने फळ्यावर कुलपाचा आकडा लिहिला आणि खाली आकड्यांची एक ओळ. "यात सरांना निरोप हाय, रोमन अक्षरांत. शनिवारपत्तुर कुनाला उगडतोय का बघा." म्हणताना तो माझ्याकडेच बघत होता. एवढा माज!

तो आकडा फोडायला मी आठवडाभर भागाकार केले. फुटेना. शुक्रवारी वैतागून नुसती ती ओळ बघत बसले, तेव्हा दिसलं की एकच आकडा त्यात परत परत येतोय. या शहाण्याने एकेक अक्षर सुटं सुटं कुलपात घातलं होतं! मग किल्ली हवी कशाला? कुलूप तर सगळ्यांकडेच होतं. एपासून झेडपर्यंत प्रत्येक अक्षराला मीच ते लावायचं आणि येणारे आकडे त्याच्या ओळीशी ताडायचे. आनंदाच्या भरात चुलीवरचा भात करपला, आईची बोलणी खाल्ली.

संख्याशास्त्र विभागातलं हाताने फिरवायचं गणकयंत्र शनिवारी सकाळी मोकळं मिळालं. सगळ्या अक्षरांचा तक्ता होतो न होतो तोच घंटा झाली. निरोप वाचायचा राहिला. म्हटलं, बरंच झालं. सगळ्यांसमोरच उघडते. मला त्याचं तोंड बघायचं होतं.

वर्गात मी आधी त्याची चूक सांगितली, चांगली घोळवून. "संशोधनाला निघालेल्या माणसाच्या एवढी साधी गोष्ट लक्षात येऊ नये?" कुंडलिक मान खाली घालून बसला. मग मी तक्ता बघून एकेक अक्षर लिहू लागले. पी. आर. ए. बी. एच. पुन्हा ए. मागे कुणीतरी फिसकन हसलं. माझा हात थांबला. पण अर्ध्यावर सोडलं असतं तर जमलं नाही म्हणाले असते. उरलेली अक्षरं लिहिली. फळ्यावर माझ्याच टपोऱ्या अक्षरात उभं राहिलं: प्रभाला पाठवा.

पोरांनी बाकं बडवली. सरही हसले. "हा महिनाभर मला नको म्हणतोय, मीच ऐकत नव्हतो. आता हे असं उघडलंस म्हटल्यावर मी काय बोलणार? पाठवतो तुझं नाव."

तास संपल्यावर मी त्याला जिन्यात गाठलं. "तुम्हाला मुंबई का नको?"

"मला आमच्या करकंबला पोरांना गनित शिकवायचंय. पयल्यापासनं तेच ठरलंय की."

म्हणजे ज्यासाठी मी वर्षभर जळले, ते त्याला नकोच होतं. माझं म्हणावं असं आता एकच उरलं होतं, ते मी उघडलेलं कुलूप. "मग निदान कुलूप तरी नीट लावायचं," मी तोऱ्यात म्हटलं. "सुटं अक्षर घातलं की उघडतं, एवढंही कळलं नाही तुम्हाला?"

"कळलं हुतं की," तो म्हणाला. "नीट लावलं असतं तर तुमाला कसं उगडलं असतं?"

निवड झाली. बाबांनी बार्शीला नकार कळवला. स्टेशनवर मुंबईची गाडी सुटताना आई खिडकीशी येऊन म्हणाली, "अगं, हस की जरा." मला हसू येईना. करकंबच्या त्या पोरांचा मला हेवा वाटत होता.