सायरनबाईंचा सराव

सायरनबाईंच्या नाकावर माशी बसलेली आजवर कुणी पाहिली नव्हती. संगणकांवरचे हल्ले परतवायचे आणि माणसांकडून संकटाची तयारी करून घ्यायची, ह्या दोन कामांत बाईंनी उमर घालवली. पाठीमागे लोक आपल्याला ‘सायरनबाई’ म्हणतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि मनातून आवडायचंही. आज इंजिनियर मंडळींच्या परिषदेत मुख्य भाषण त्यांचंच होतं. सभागृह गच्च भरलेलं, पहिल्या रांगेत कोट-टायवाले साहेब, आणि पार मागे काचेच्या खोलीत माईक, दिवे, पडदा सांभाळायला त्यांचा धाकटा भाऊ टिल्लू. चांगला सहा फुटी गडी, पण लहानपणी चिकटलेलं नाव काही सुटलं नव्हतं.

सकाळीच त्यांनी त्याला झापलं होतं.

"मागच्या खेपेसारखं करू नकोस हं. मी जरा किंचाळले की आला धावत! सगळ्या प्रयोगाचा विचका केलास. लोक हसले मला."

"अगं ताई, तुझ्या कपाळातून खरंखुरं रक्त येत होतं."

"येऊ दे. मी मेले तरी मध्ये यायचं नाही. कळलं?"

"कळलं गं बाई. तू मेलीस तर वर टाळ्या वाजवतो, मग तर झालं?"

दोघं खो खो हसली. आई गेल्यापासून हिनेच त्याला वाढवलं होतं. त्याने हिचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता, आणि हिचाही जगात त्याच्याशिवाय कुणावर जीव नव्हता.

आता बाईंचा हा प्रयोग म्हणजे काय, ते सांगायला हवं. पूर्वी कारखान्यात आपत्तीचा सराव चालू असताना खरोखरच काही विपरीत घडलं, तर कर्ण्यावरून ‘सराव नाही, सराव नाही’ असं सांगायची पद्धत होती. बाईंनी ती मोडीत काढली. म्हणाल्या, लोक त्या शब्दाची वाट बघत खुशाल चहा पीत बसतात. हल्ला करणारा काय आधी कळवून येणार आहे? वरच्या साहेबांना हे फारच पटलं. मग बाई कुणाला न सांगता सराव घ्यायला लागल्या. भाड्याने नट आणायचे, संगणकांचे पडदे काळे करायचे, खोटं रक्त उडवायचं, आणि नटांना पढवून ठेवायचं की जिवाच्या आकांताने ओरडा, "हे खरं आहे! हा सराव नाही!" बाईंचं नाव झालं, बोलावणी येऊ लागली. खऱ्यासाठी राखलेले शब्द खोट्याला देऊन टाकले होते, पण तेवढा विचार कोण करतो? टाळ्या पडत होत्या ना!

"समजा," बाई मंचावर रंगात येऊन म्हणाल्या, "आत्ता, ह्या क्षणी कुणी आत शिरलं तर?"

आजच्या नटासाठी हा इशारा होता. बाजूच्या दारातून राखाडी डगला आणि काळा बुरखा घातलेला माणूस आत आला. हातात लोखंडी कांब. त्याने ती सरळ भाषणाच्या टेबलावर हाणली. पाण्याचा ग्लास फुटून काचा पहिल्या रांगेपर्यंत उडाल्या. सभागृहात एकच हशा आणि शिट्ट्या.

"अरे, रबराची आणायची ठरली होती ना?" बाई टेबलावरच्या माईकवर हात ठेवून पुटपुटल्या.

दुसरा तडाखा त्या हातावरच बसला. मनगटातून सुकी काटकी मोडावी तसा आवाज आला आणि पंजा भलत्याच बाजूला वळून लोंबायला लागला. बाईंच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. त्या गुडघ्यांवर कोसळल्या, तशी त्याने पोटात लाथ घातली. सकाळचा चहा फरशीवर आला.

"हे खरं आहे!" बाई ओरडल्या. "हा सराव नाही हो! वाचवा!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. मोबाईल वर झाले. मागून कुणीतरी ओरडलं, "वा बाई, मानलं!"

"ओरडा," बुरख्यातला आवाज थंडपणे म्हणाला. "माझी बायकोही असंच ओरडत होती."

त्याने बाईंना केसांना धरून उठवलं. टेबलावरचा माईक चालूच होता, त्याचा शब्दन् शब्द सभागृहात घुमत होता, आणि पहिल्या रांगेतले साहेब कौतुकाने माना डोलवत होते.

"पाणी शुद्ध करायचा कारखाना. आठवतो? तुम्ही तीनदा सराव घेतलात तिथे. चौथ्यांदा संगणकाचे पडदे काळे झाले, क्लोरीनची झडप आपोआप उघडली, आणि ती पळत सुटली सगळ्यांना सांगत, खरं आहे, खरं आहे म्हणून. तिचे सोबती हसत होते हो. एक जण तर मेल्याचं सोंग घेऊन जमिनीवर पडला. तो तिथेच राहिला. आणि त्याला ओढायला गेलेली तीही."

"चौकशीत माझा दोष..."

"निघाला नाही. ठाऊक आहे मला." त्याने बाईंचं तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं. दात तुटला. "तुमचा नट आत पडलाय, बांधून ठेवलाय. तो वाचेल. तुम्हाला फक्त हे ऐकवायचं होतं. ऐका, टाळ्या कशा वाजतात ते."

ह्या माणसाला बाईंनी कधी पाहिलं नव्हतं, त्याच्या बायकोला तर नाहीच. अहवालात ‘मृत: दोन’ एवढंच वाचलं होतं आणि पान उलटलं होतं. काचेच्या खोलीकडे त्यांनी मान वळवली. टिल्लू खुर्चीतून उठला होता. दोन्ही तळहात काचेला लावून उभा होता बिचारा. मग खाली बसला. मी मेले तरी मध्ये यायचं नाही, असं बजावलं होतं ना त्याला! स्वतःच्या हाताने स्वतःचं दार बंद केलं होतं बाईंनी.

मंचाच्या भिंतीवर आगीच्या भोंग्याचं लाल बटण होतं. तो माणूस बुरख्याखाली हात घालून डोळे पुसतोय हे बघून बाई सरपटत निघाल्या. तोंडातलं रक्त गिळत, मोडका हात फरफटवत त्या भिंतीपाशी पोचल्या आणि चांगल्या हाताची मूठ बटणावर हाणली.

भोंगा कानठळ्या बसवत सुटला. सभागृहातलं एकही माणूस जागचं हललं नाही. काही जण घड्याळाकडे बघून गालातल्या गालात हसले. आपली परीक्षा चालली आहे, हे त्या शहाण्यांनी ओळखलं होतं.

पण भोंगा कार्यक्रमात नव्हता. आणि कार्यक्रम तपशीलवार ठाऊक असलेला माणूस तिथे एकच होता. काचेच्या खोलीचं दार धाडकन उघडलं आणि टिल्लू रांगांमधून "ताई! ताई!" करत धावत सुटला. लोक वाट देऊन टाळ्या वाजवत होते. त्याने मंचावर उडी घेतली ती थेट त्या माणसाच्या पाठीवरच. दोघं गडगडले. कांब त्या माणसाच्या हातातून सुटली नव्हती. घाबरून, न बघताच त्याने ती मागे फिरवली आणि ती टिल्लूच्या कानामागे बसली. एकदाच.

एवढा दांडगा गडी, पण ब्र न काढता आडवा झाला. डोक्याखालून रक्त पसरत गेलं, दाट आणि खूप.

त्या माणसाने बुरखा ओढून काढला. चाळिशीचा, दाढीचे खुंट वाढलेला, साधा चेहरा. "कोण हा?"

"भाऊ आहे माझा," बाई म्हणाल्या. त्यांनी टिल्लूचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि जखमेवर पदर दाबत होत्या. "माझा धाकटा भाऊ आहे हो."

"मला हा नको होता," तो माणूस म्हणाला. त्याच्या हातातून कांब पडली. "देवाशप्पथ, मला हा नको होता."

टिल्लूने डोळे किलकिले केले. "ताई," तो कसाबसा म्हणाला, "मध्ये आलो गं... रागावू नकोस."

"नाही रे राजा. नाही रागावत. बोलत राहा माझ्याशी."

त्याने नुसतं बाईंचं बोट धरलं, आणि ते सोडलं नाही.

मग तो माणूस मंचाच्या कडेला धावला आणि दोन्ही हात उंचावून ओरडायला लागला, "अहो, डॉक्टर बोलवा! कुणीतरी उठा! खरं आहे हे! मी मारलंय ह्याला, खरंच मारलंय!" इकडून बाई ओरडत होत्या, तिकडून तो, दोघं एकच गोष्ट ओरडत होते, आणि सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. पहिल्या रांगेतले एक साहेब शेजाऱ्याच्या कानाशी वाकून म्हणाले, "हा दुसरा नटही छानच निवडलाय हं." बाईंच्या बोटावरची पकड हळूहळू सैल होत गेली.