ताडाखालची जागा

बांबूच्या काडीचं टोक तिनं मघाशी दातांत चघळलं होतं — उपवासाच्या तोंडाला तेवढीच चव — आणि आता त्या टोकावर तांदळाच्या पिठाचा पांढरा थेंब लोंबत होता, पडतो की राहतो... निर्मलानं श्वास धरला. गेरूच्या भिंतीवर लेकीच्या, रविनाच्या, लग्नाचा चौक भरत आला होता. मधे पालघट देवी, वर चंद्र-सूर्य, खाली तारपा फुंकणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांचं वेटोळं. उजवी बाजू तेवढी कोरी.

"ताड कुठं गेला गो?" लग्न लावायला आलेली धवलेरी, रूपीमावशी, दारातूनच ओरडली.

"माझा नेम आहे, मावशी. दारू घरात नको... तिचं झाडसुद्धा भिंतीवर नको."

"मग नेमालाच सांग गाणं म्हणायला! ताड आल्याबिगर मी तोंड उघडायची नाय." आणि ती चहाला निघून गेली.

गाणं नाही तर लग्न नाही. आणि ताड काढला तर — नवऱ्याला, लाहूला, पिऊन पडलेल्या शेताच्या बांधावरून चौघांनी उचलून आणलं त्या दिवसापासूनचे सोमवार, देवापुढचा दिवा, सगळं पाण्यात? विचारायचं कुणाला? सासू तर गेलेली. पण सासूची भिंत होती... मागच्या कुडाच्या खोलीत, निर्मलाच्याच लग्नात सासूनं, जानीनं, काढलेला चौक, धुरानं काळवंडलेला. त्यातल्या ताडावरून ती नेहमी नजर वळवून पुढं जायची.

तिनं मागचं दार ढकललं. ऊन भिंतीवर पडलं. ताड, त्यावर चढणारा, लोंबती मडकी, खाली पिणारे, नाचणारे — आणि बुंध्याशी तो पोपडा. पोपडा? तिनं नाक भिंतीला लावलं. पोपडा नव्हता तो. आडवा पडलेला माणूस होता. त्याच्या उशाशी एक बाई, नाचाकडे पाठ करून बसलेली, शेजारी पाण्याचा हंडा.

छातीत तारपा घुमायला लागला. ही जानी! "पितो तर पितो, पुरुषमाणूस," असं जन्मभर म्हणणारी, सासऱ्यांविरुद्ध कधी चकार शब्द न काढणारी जानी! अख्खं गाव या भिंतीपुढं नाचलं, जेवलं, आणि कुणाला दिसलं नाही. मलाही नाही. माझा नेम... तो माझ्याआधीच कुणीतरी धरला होता, पिठानं.

ती जवळजवळ पळतच परतली. देवीला हात जोडले अन् काडी बुडवली. ताड सरसर वर गेला, झावळ्या फुटल्या, मडकी लोंबली. मागून रूपीमावशीचा आवाज लागला — गाणं सुरू!

"अरे वा, ताड आला? नेम सुटला वाटतं!" लाहू आत आला, आज सकाळपासून कोरडा, हसरा. "मग मला पण काढ की. कुठं काढशील?"

एवढ्या वर्षांत त्यानं असं विचारलं नव्हतं. बुंध्याशी निर्मलानं एक त्रिकोण काढला, त्याच्या टोकाला टोक लावून दुसरा. झालं धड. डोकं, हात, पाय बाकी. वेटोळ्यात नाचणाऱ्यांचीही धडं अशीच, आणि जानीच्या भिंतीवर आडव्या पडलेल्याचंही असंच. नाचतो की पडतो, सगळं पायांवर होतं.

"पाय कुठायत माझे?" लाहू भिंतीजवळ वाकला. हसू थोडं मागं राहिलं होतं.

काडी पिठात बुडाली. थेंब टोकाशी आला, लोंबला... आणि या वेळी निर्मलानं श्वास धरला नाही.