शेवटची आठ पानं

यादोराव गुरुजींचं पुस्तक छापायला नागपूरच्या एका प्रकाशकाने नकार दिला आणि पुण्याच्या दुसऱ्याने उत्तरच धाडलं नाही. तेव्हा गुरुजी धानाच्या खळ्यांवर फिरू लागले. एकोडी या आपल्या गावाच्या आणि आसपासच्या तलावांच्या गोष्टी त्यांनी वीस वर्षं जमवल्या होत्या: तलाव कोणी खोदला, कोणत्या साली आटला, पाळ, म्हणजे तलावाचा बांध, कुठं फुटली. मळणी चालू असताना ते खळ्यावर बसून एखादं पान वाचून दाखवत आणि म्हणत, "एक पायली धान द्या. पुस्तक निघालं की एक प्रत तुमची, आणि मागच्या पानांवर तुमचं नाव." नियम एकच. जो आपल्या हाताने माप आणून ओतेल त्याचं नाव लिहायचं. घरच्या कर्त्याचं नाही.

तीन हंगामांत तीनशे बारा नावं झाली. धान विकून कागद आला, साकोलीला टेकचंदच्या छापखान्यात पुस्तक लागलं. शेवटची पानं सोडून सगळे, म्हणजे सात फर्मे, छापून झाले आणि पंच्याहत्तरच्या जानेवारीत गुरुजी गेले.

त्यांची मुलगी कौशल्या भंडाऱ्याच्या शाळेत मराठी शिकवायची. तेरावं होऊन पंधरा दिवस झाल्यावर ती छापखान्यात गेली.

"कौशल्याबाई, आठ पानांपुरताच कागद उरला," टेकचंद म्हणाला. "बाकीच्याले वाळवी लागली. गुरुजीचं शेवटचं प्रकरण आठ पानांचं, अन् नावं बी आठ पानांचीच. काय लावू, तुम्ही सांगा."

"नवा कागद?"

"कुठून आणू? पोरायले वह्या भेटून नाही राहिल्या. अन् लग्नसराई आली. माह्याजवळ छापाचे खिळे मोजके. तुमची पानं छापून सोडवीन तवा पत्रिका जुळवीन. चार दिवस थांबतो."

कौशल्याने ते प्रकरण तिथल्याच बाकावर बसून वाचलं. ते एकोडीच्या तलावाचं होतं. बाकीची प्रकरणं वडिलांनी शाळेच्या तपासनिसासाठी लिहावीत तशी लिहिली होती. इथं मात्र त्यांनी स्वतःला मोकळं सोडलं होतं. अक्षर आजारपणात उताराला लागलेलं. त्यात एक लहान मुलगी होती, पाळीवरून बापामागे चालणारी आणि पाणी किती खोल आहे ते पुन्हा पुन्हा विचारणारी. तिचं नाव दिलेलं नव्हतं.

प्रकरणच छापायचं, असं कौशल्याने बसमध्ये बसायच्या आतच ठरवलं. तिने पुष्कळ वाचलं होतं, आणि तिला आवडलेलं एकही पुस्तक वर्गणीदारांच्या यादीने संपत नव्हतं. पण शब्द दिलेला होता. निदान चार घरी जाऊन सांगायला हवं होतं. यादीत पहिलं नाव धुरपताचं होतं. जन्मभर दुसऱ्यांच्या धानाच्या बांधीत रोवणी करत आलेली ही म्हातारी अंगणात लाखोरीच्या वाळल्या शेंगा झोडत बसली होती. जवळच तिचा मुलगा जागेश्वर खाटेला दोरी भरत होता.

"काकी, पुस्तक मिळेल. नावं मात्र छापता येणार नाहीत. कागद कमी पडला."

"बरं," धुरपता म्हणाली. हातातली काठी थांबली नाही.

"बरं काय बरं?" जागेश्वर म्हणाला. "सावकार भय्याजीनं मंदिराले पंखा देल्ला, तं तिन्ही पात्यांवर नाव लिवून घेतलं. फिरला का नाव दिसत नाही, म्हणून दोन उन्हाळे कोणाले बटन दाबू देल्लं नाही. अन् आमचं नाव कागदावर बी नाही?"

"तुह्यं कायले राहीन?" धुरपता म्हणाली. "तू कुठं देल्ली पायली? बायकोनं देल्ली तुह्या."

"तेच तं पाह्याचं होतं, तिचं नाव खरंच छापते का काय."

कौशल्या हसली. महिन्याभरात पहिल्यांदाच हसली असेल.

धुरपताने काठी खाली ठेवली. "मजुरीचं धान होतं माह्यं. गुरुजीनं इचारलं, नाव काय लिवू? मी म्हटलं, जागेश्वरची माय लिवा. तं म्हणे, हे काय नाव होय? मंग माह्यं सांगतलं. त्याहीनं लिवलं अन् वाचून दाखवलं. दोनदा." काठी पुन्हा उचलून ती म्हणाली, "पण पुस्तक गुरुजीचं हाये. तुले बरं वाटन तसं कर, पोरी."

घरी येऊन कौशल्याने यादीची वही उघडली. ही वही तिने आतापर्यंत नुसती चाळली होती. निम्म्याहून जास्त नावं बायकांची होती, आणि कित्येकांपुढे वडिलांनी शिसपेन्सिलीने बारीक टीप केली होती. 'रुखमा, माहेर बपेरा. धान ओलं होतं, तरी घेतलं.' 'सत्यभामाबाई. नाव सांगताना लाजली, उद्या या म्हणाली. दुसऱ्या दिवशी गेलो.' एका नावासाठी ते चार कोस पायी गेले होते. प्रकरणाइतक्याच सावकाश तिने ती सगळी पानं वाचली.

चौथ्या दिवशी ती साकोलीला गेली. "नावं लावा."

टेकचंदने चष्मा वर केला. "अन् प्रकरण?"

"ते माझ्याजवळ राहील."

"शेवटाबिना पुस्तक? बाई, इचार करून सांगा."

"केला," कौशल्या म्हणाली.

पुस्तक चैत्रात निघालं. एकाही वर्तमानपत्रात त्यावर ओळ आली नाही. शे-दीडशे प्रती कौशल्याच्या ट्रंकेतच राहिल्या. ज्या मापाने ती आजवर पुस्तकं तोलत आली होती, त्या मापाने हे पुस्तक फसलं होतं. पण प्रती वाटत फिरताना तिने पाहिलं, की जो तो पुस्तक मागून उघडतो. शाळेत जाणारं कोणी असलं तर त्याला बोलावून नाव शोधून घेतो, त्यावर बोट ठेवतो. मग आपण नेमके कशात आलो आहोत ते पाहायला पानं पुढे उलटतो.

मे महिन्यात ती सुटीत गावी आली, तेव्हा जागेश्वरने तिला रस्त्यातच गाठलं. "साऱ्या गावांचे तलाव आले. आपलाच काहून नाही?"

तिने खरं कारण सांगितलं. तो तिच्याबरोबर चालू लागला. मग म्हणाला, "कागद नव्हता, तोंड तं हाये ना? वाचून दाखवा."

संध्याकाळी धुरपताच्या अंगणात आठ-दहा माणसं जमली. कौशल्या वाचू लागली. लहान मुलीची जागा आली तेव्हाही ती वाचत राहिली. पुढे पाळ फुटल्याची हकीकत आली, तसा धुरपताने हात वर केला.

"थांब. पाळ उगवतीकडं नाही फुटली. मावळतीकडं. मी होती ना तिथं, माती टाकाले."

कौशल्याने हातातल्या कागदाकडे पाहिलं. उगवतीकडे, असंच लिहिलेलं होतं, त्या उतरत्या अक्षरात.

"त्याहीले सांगाचं राहून गेलं," धुरपता म्हणाली. "यंदा खळ्यावर आलेच नाही."

तीन महिने कौशल्याने ती पानं कोणाला हाताळू दिली नव्हती. तिने पेनचं टोपण काढलं. वडिलांच्या शब्दावर एक बारीक रेघ ओढली, समासात 'मावळतीकडे' लिहिलं, आणि त्याखाली सांगणारीचं नाव.

"आणखी काही?"

"लय हाये," धुरपता म्हणाली. "तू वाच पुढं."