बिनआवाजाची बोटं

भिंगऱ्या हे नाव त्याला त्याच्या थोरल्या बहिणीनेच ठेवलं होतं. लहानपणी तो एका जागी बसत नसे आणि मोठेपणी एका कामावर टिकत नसे. कॉलेज अर्धवट, नोकऱ्या अर्धवट, पोहण्याचा क्लास तर पाणी कमरेपर्यंत आलं तिथेच सोडलेला. "आमचा धाकटा म्हणजे आरंभशूर," असं ती नवऱ्याला नेहमी सांगायची. गिटार तेवढी त्याच्या हातून सुटली नव्हती. हॉटेलांत, समारंभांत तो एका बँडबरोबर वाजवायचा. पण बहिणीच्या लेखी ती हौसच होती, काम नव्हे.

आणि मग तिची मुलगी दिवस भरायच्या पुष्कळ आधीच जन्मली. ओंजळीत मावेल एवढी. काचेच्या पेटीत, नाकात नळी, कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा मोजाव्यात. नवरा जहाजावर होता, मधल्या बंदरात उतरून यायला त्याला वेळ लागणार होता. धाकटा पहिल्याच दिवशी कपड्यांची पिशवी घेऊन दवाखान्यात आला आणि तिथेच राहिला. बहिणीला वाटलं, राहील दोन दिवस आणि जाईल.

एकदा तपासणीला आलेल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाळ फार दचकतं. हळू संगीत ऐकवलं तर अशा बाळांचा श्वास कधी कधी शांत होतो. घरात कोणी गातं का?"

"माझं गाणं नको," धाकटा म्हणाला. "शेजारी घर सोडून गेलेत. गिटार चालेल?"

त्या कक्षाच्या मोठ्या सिस्टर म्हणजे नाकावर माशी बसू न देणारी बाई. त्यांनी गिटार स्वतः जंतुनाशकाने पुसली, त्याला कोपरापर्यंत हात धुवायला लावले आणि पेटीजवळ स्टूल ठेवत बजावलं, "इथे मैफल नाही. बाळ दचकलं, की बंद."

त्याने सुरुवात केली ती इतकी हळू, की बहिणीला आधी वाटलं तो तारा जुळवतोय. मग तिच्या लक्षात आलं, पेटीवरच्या पडद्यावर सारखी उड्या मारणारी रेघ हळूहळू संथ होतेय. बाळाची आवळलेली मूठ सैल पडली. बहिणीने कितीतरी वेळाने पाठ खुर्चीला टेकवली.

आणि तेवढ्यात 'चुंईक' असा एक आवाज आला. काचेवर ओलं बोट ओढावं तसा. बाळाने दोन्ही हात फेकले, चेहरा आक्रसला, पडद्यावरचा आकडा घसरला आणि यंत्र ओरडायला लागलं. सिस्टर धावत आल्या. त्यांनी पेटीच्या भोकातून हात घालून बाळाला सावरलं आणि मागे न बघताच म्हणाल्या, "बंद."

बाहेर आल्यावर बहिणीने त्याच्यावर राग काढला. "काय होतं ते?"

"बोट सरकल्याचा आवाज," तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "या जाड तारांवर बारीक तारेचं वेटोळं असतं. बोट एका पट्टीवरून दुसरीवर ओढलं की त्यावर घासतं. बँडमध्ये ड्रम वाजत असतात, कोणाला ऐकू येतंय! मलाही आजच ऐकू आलं."

"मग राहू दे आता."

"बघतो," तो म्हणाला. हा शब्द तिच्या चांगलाच ओळखीचा होता. त्याने सोडलेल्या प्रत्येक गोष्टीच्या आधी तो हेच म्हणाला होता.

दुसऱ्या दिवशी मात्र तो नव्या तारा घालून आला. वरून गुळगुळीत केलेल्या, खास. आवाज कमी झाला, गेला नाही. तारांना थोडं तेल लावू का, म्हणून त्याने सिस्टरना विचारलं. "तेल, पावडर, काहीही आत येणार नाही," सिस्टर म्हणाल्या. वर हात धुऊन धुऊन त्याच्या बोटांची कातडी आणखीच खरखरीत झाली होती. आता उपाय करायचा तो बोटांनीच.

बहिणीला जरा चालायला सांगितलं होतं. ती भिंत धरून धरून मागच्या जिन्यापर्यंत जायची, तेव्हा तो तिथे पायरीवर बसलेला दिसायचा. गाणं नाही, काही नाही. दोनच जागा, इथून तिथे, तिथून इथे. कानशीने घासून त्याने बोटांच्या टोकांवरचे घट्टे गुळगुळीत केले होते.

"तायडे, बस जरा," तो म्हणाला. "माझ्याकडे पाठ कर. आवाज आला की हात वर."

ती बसली. लहानपणी त्याची उजळणी घ्यायची तीच, आणि तिच्यासारखी कडक मास्तरीण दुसरी नव्हती. तिचा हात वर गेला. पुन्हा गेला. पुन्हा.

"अगं, हात खाली तरी कधी ठेवशील?"

"तू वाजवायचं थांबशील तेव्हा."

तो हसला, पण थांबला नाही. बोट उचलून ठेवलं तर घासत नाही, पण मग सूर तुटतो, उचकी लागल्यासारखा. सूर धरून ठेवावा तर बोट सरकतं आणि किंचाळतं. या दोन्हींच्या मधे कुठेतरी वाट होती आणि ती त्याला सापडत नव्हती.

ती सापडली पेटीजवळच. सिस्टर बाळाची कूस बदलत होत्या. दोघं बहीणभाऊ बघत होते. सिस्टरनी बाळाच्या पाठीखालून हात काढला आणि बाळाला पत्ताच लागला नाही.

"सिस्टर," धाकट्याने विचारलं, "हे कसं केलंत?"

"काय कसं?"

"हात कसा काढलात?"

सिस्टरना आधी वाटलं तो चेष्टा करतोय. मग त्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि हात पुन्हा आत घातला. "या बाळांची कातडी घासली तर सोलते. म्हणून ओढायचा नाही. आधी हातातला भार काढायचा. हात तिथेच, पण वजन नाही. बाळाला वाटतं हात आहे. मग सरळ वर." त्यांनी करून दाखवलं. "घाई केली की संपलं."

तो पुटपुटला, "हात तिथेच, पण वजन नाही." आणि तडक जिन्याकडे गेला.

बहीण त्याच्या मागोमाग जाऊन पाठ करून बसली. आता सूर वाजायचा, विरत जायचा, आणि तो पुरता विझायच्या आत दुसरा सूर आलेला असायचा. मधे बोट कधी गेलं ते कळायचं नाही. जिथे लांब उडी होती तिथे तो मोकळी तार वाजू द्यायचा आणि तिच्या आडून जागा बदलायचा. ज्या जागी हे जमेना तिथले सूर त्याने सरळ गाळून टाकले. पूर्वी त्याची बोटं तारांवर नुसती पळायची, समोरच्यांनी तोंडात बोटं घालावीत म्हणून. आता तो आपलीच करामत एकेक करून काढून टाकत होता. दुपार उतरायला लागली तरी तिचा हात मांडीवरच होता. तिने मागे वळून पाहिलं. शर्ट घामाने भिजलेला, डोळे मिटलेले, आणि तोंडाने काही मोजणं चाललेलं. या माणसाला आपण आरंभशूर म्हणत आलो, असं तिच्या मनात आलं आणि तिला कसंतरीच झालं.

"सिस्टर, एकदा बसू द्या त्याला," या खेपेला शब्द टाकला तो बहिणीने.

सिस्टरनी दोघांकडे पाहिलं. "एक आवाज, की बाहेर."

तो बसला. बहीण धून ऐकतच नव्हती. ती सुरांच्या मधल्या जागा ऐकत होती, श्वास रोखून. एक जागा गेली. दुसरी गेली. बाळाची मूठ उघडली. एकदा धाकट्याचं बोट मधेच थबकलं, पण त्याने तो सूर सोडून दिला आणि पुढच्यावर अलगद उतरला. पडद्यावरची रेघ शांत नदीसारखी चालली होती. बाळ झोपलं. त्याने शेवटची तार आपली आपण विझू दिली.

सिस्टर पाठमोऱ्या उभ्या होत्या, सलाइनच्या बाटलीकडे बघत. ती बाटली मघाच बदलून झाली होती. जरा वेळाने त्या वळल्या आणि नेहमीच्याच तुटक आवाजात म्हणाल्या, "पलीकडचं बाळ सकाळपासून रडतंय. त्याच्याजवळ बसता थोडं?"

मग तो रोज दुपारी तिथे वाजवायला लागला. भाचीने हळूहळू बाळसं धरलं, नळी निघाली, बाप येऊन पोचला, आणि एके दिवशी मुलगी दुपट्यात गुंडाळून घरी आली.

पुढे तपासणीसाठी बहीण मुलीला घेऊन पुन्हा तिथे गेली, तेव्हा मोठ्या सिस्टर तिला दारातच भेटल्या. "तुमचे बंधू आत आहेत," त्या म्हणाल्या. "आठवड्यातून दोनदा येतात. माहीत नाही तुम्हाला?"

तिला माहीत नव्हतं. त्याने अवाक्षर काढलं नव्हतं. ती काचेबाहेर उभी राहिली. आत कोणाच्या तरी दोन इवल्याशा बाळांच्या मधे स्टूल टाकून तो वाकून बसला होता. काचेतून काही ऐकू येत नव्हतं, बोटंच दिसत होती. तारेवर टेकायची, हलकी व्हायची आणि उठायची. एक तरुण आई भिंतीला डोकं टेकून झोपी गेली होती.

बहिणीने मुलीला खांद्यावरून उतरवून काचेकडे तोंड करून धरलं.

"बघ," ती म्हणाली, "तुझा मामा काम करतोय."